शाळेच्या फाटकावरचा दहा बाय सहा

गुरुवार, ११ डिसेंबर २०२५, सकाळी ९ वाजून १० मिनिटे. गुरुवारची लाइट गेल्याने मशीन बंद आहे आणि मी पिरंगुटच्या फ्लेक्सच्या दुकानात बसून लिहीत आहे.

तीर्थरूप हैबतमामांस नरहरीचा साष्टांग नमस्कार. आपले गुडघे आणि मामींची म्हैस, सर्व ठीक असावे. (आजारी म्हैस होती, मामी नव्हे.)

आमच्या धाकट्या बहिणीने, गौतमीने, सोमवारपासून शाळा सोडली. गॅदरिंगच्या सरावात ती शिंकताना वर्गातल्या सौरभने फोटो काढला, मगरीचे दात जोडले आणि स्टिकर करून मुलांच्या ग्रुपवर टाकला. मुख्याध्यापिका शारदाबाईंनी ठरवले, मुलांना समज द्यायला फाटकावर फ्लेक्स लावायचा. काम माझ्याकडे आले. मी नववीपर्यंतच शिकलो, तरी माझ्या फ्लेक्सवर आजवर एक वेलांटी चुकलेली नाही. ‘ऑनलाइन छळ प्रतिबंध’ ही अक्षरे चार वेळा तपासली. पण मधोमध फोटो नसला तर फ्लेक्स कसला? छळ म्हणजे नेमके काय ते लोकांना कळावे म्हणून तोच स्टिकर घेतला, दहा बाय सहा केला आणि वर लाल फुली मारली. खाली ‘असे करू नये. शुभेच्छुक: समस्त ग्रामस्थ’. (शुभेच्छुक सवयीने पडले.)

काल दुपारी कंपनीची सेकंड शिफ्टची बस फाटकाशी थांबली आणि ड्रायव्हरने उतरून फोटो काढला. हे कळताच गौतमी म्हणाली, “दादा, आधी वर्गातली पोरं हसत हुती. आता सेकंड शिफ्ट बी हसतीया.”

फुली मारली आहे, असे मी नम्रपणे सांगितले.

“फुली नाकावर हाय. दात तसंच हायेत!”

मग तीच चपला घालून निघाली. मला शिडी धरायला लावून तिने फ्लेक्स उतरवला. खाली सौरभ मान घालून उभा. “मोबाईलवर एवढुसा दिसत हुता गं,” तो म्हणाला.

“मला पयल्यापासनं एवढाच दिसत हुता,” गौतमी फ्लेक्सकडे बोट दाखवून म्हणाली.

त्यावर पोरगा रडला. बाईंनी घरोघरचे फोन मागवले आणि गौतमीने यादी घेऊन प्रत्येकाला समोर स्टिकर पुसायला लावला. शेवटचा पुसला की वर्गात बसेन, म्हणते.

आपला आज्ञाधारक,
नरहरी

ता. क. पुसलेले: एकेचाळीस. बाकी: एक. तो आपल्याकडे आहे. काल ‘सुप्रभात’सोबत आपण तो नातेवाइकांच्या ग्रुपवर पाठवलात. कृपया आपल्या फोनमधून आणि ग्रुपवरून, दोन्हीकडून पुसावा.

ता. क. २. मेसेज न करता पत्र लिहिले, कारण मेसेज आपण वाचण्याआधी पुढे पाठवता.

ता. क. ३. पुसण्यापूर्वी दात बोटाने झाकून पाहावे. भाची ओळखू येईल.