मोऱ्याच्या पाण्यावर उतरताना

९ जाने.
आपल्या छोट्या विमानाला पाण्यावर तरंगणारे फ्लोट बसले एकदाचे. त्यांतच चाकं. धावपट्टीसाठी चाकं खाली, पाण्यासाठी वर. वर गेली की कॉकपिटमध्ये निळा दिवा. हँगरमध्ये पुन्हा पुन्हा पाहिलं, बरोबर लागतो. चाचणीत विमान पाटणकर सर उडवणार. म्हणाले, "जमिनीवर सगळंच चालतं गं. म्हणून तर आपल्याला पगार देतात."

१४ जाने.
मोरा बंदर. आज पहिल्यांदा पाण्यावर! मी रेडिओ घेऊन सुरक्षा बोटीत. बोट नरेशभाऊ कोळ्यांची. सर उतरले, उठले, परत उतरले. नरेशभाऊ म्हणे, "पान्यावर बगला बसतो तसा बसला, मॅडम!" पनवेलला येईपर्यंत एकटीच हसत होते.

१७ जाने.
लिहवत नाही.

१९ जाने.
परवा मोऱ्याला सर उतरत होते. दुर्बिणीतून दिसलं, डावं चाक खाली लोंबतंय. ओरडले, "चाक, सर!" उत्तर आलं, "निळा दिवा आहे." तेवढंच. चाक पाण्यात अडलं, विमान पालथं. नरेशभाऊंनी उडी टाकली. "साहेब जित्ता हाय! पन हात बगा…"
"उतरू नका" म्हणायला हवं होतं. चाक म्हटल्यावर माणूस दिव्याकडेच बघणार.

२८ जाने.
कारण सापडलं. आधीच्या उड्डाणात खारं पाणी स्विचमध्ये शिरलं, चाक वर गेल्याचं समजून मोटार थांबली, चाक खाली असूनही दिवा लागला. हँगरमध्ये आम्ही कोरडाच तपासला होता. मीटिंगमध्ये वरिष्ठ म्हणाले, "बरं झालं, आत्ताच कळलं. पुढे आत प्रवासी असते." खरंच आहे. तरी डबा तसाच परत आणला.

११ फेब्रु.
नेऱ्याला, सरांकडे. उजव्या हाताची बोटं मिटत नाहीत. डाव्या हाताने चमचा धरतात. पुन्हा उडवता येईल का, डॉक्टर बोलत नाहीत. "उतरू नका" म्हणायला हवं होतं, हे सांगून टाकलं. म्हणाले, "हो. तसं म्हणाली असतीस तर वर घेतलं असतं." उगाच समजूत घातली नाही.
"स्विच सापडला ना?"
"सापडला."
"मग झालं."
वहिनी उठून आत गेल्या.

२ मार्च
स्विच बदलला. सोमवारी परत मोरा. वैमानिक नवा, तरुण. ऑफिसने विचारलंय, बोटीत मीच बसणार का. सरांना फोन केला.
"तूच बस. दुसरं कुणी नको."
मागून वहिनींचा आवाज, "अहो, त्या मुलाच्या बायकोला कुणी काही सांगितलंय का?"
सरांनी फोन ठेवला.
ऑफिसला अजून कळवलेलं नाही. त्या मुलाचा नंबर आहे माझ्याकडे. आधी त्याला सांगते: मी "उतरू नका" म्हटलं की दिवा न बघता वर घ्यायचं, आणि घरी बायकोला सगळं सांगून यायचं.