एकाच दोरीचे दोन वाटे

ठाणे, मार्गशीर्ष वद्य तृतीया, गुरुवार

१. चारी बाजू सारख्या असल्या तरी कोन काटकोन नसतील तर तो चौरस नव्हे, आणि त्यात जागाही कमी भरते, असे काल मुलींना शिकवले.
२. कोलशेतच्या यमुनेने ते घरी सांगितले.
३. आज तिचा बाप येऊन तिची पाटी घेऊन गेला.

बापाने आणि चुलत्याने मिठागराचे दोन वाटे दोरीने पाडले आहेत. दोहोंभोवती तीच दोरी पुरते, म्हणून वाटे सारखे, असे तिकडे सगळेच मानतात. चुलत्याचा वाटा चौरस आहे, बापाचा बाजूंनी तेवढाच, पण कललेला. यमुना चुलत्याला तोंडावर म्हणाली, "काका, दोरी सारखी, पण जागा आमची कमी."

जागा बापाची कमी, आणि रागावला तोच! "भावाला चोर केला पोरीनी." मग हात जोडून म्हणाला, "बाई, पोरीचा चुकला असा माजे भावाला सांगा. मंग पाठवतो शाळेत."

मी दोरी घेऊन त्याला फरक दाखवू लागले. "दिसतंय मना," तो म्हणाला. "पन भाऊ एकच हाय."

अशा वेळी काय करावे, हे पुण्याच्या ट्रेनिंग कॉलेजात कुणी शिकवले नाही. चुकले म्हणू? ती तर बरोबर आहे. आणि नाही म्हटले तर तिची शाळा संपली.

उद्या बापाला चिठ्ठी पाठवीन. त्या घरात वाचता येते एकट्या यमुनेला, म्हणजे बापाला वाचून दाखवणार तीच. तरी तिच्यासाठी वेगळे काही न घालता एवढेच लिहिले:

"यमुनेचे उत्तर बरोबर आहे. चूक म्हणणे माझ्याने होणार नाही. घरी याविषयी बोलू नकोस, एवढे तिला सांगेन. तिला पाठवता की नाही, ते सोमवारपर्यंत कळवावे."