पंप खोलण्याचा तास

बाबा, आमच्या शाळेतली विज्ञानाची जागा रिकामी झाली आणि मुख्याध्यापकांनी प्रयोगशाळेची किल्ली माझ्याकडे दिली. मी मराठी शिकवते हे त्यांना ठाऊक आहे. पण शनिवारी दुपारी मोकळी असणारी मीच होते, आणि रिठदच्या विज्ञानाच्या सरांची मुलगी हेही त्यांनी धरलं असावं. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली तरी शेलूबाजारात माझी ओळख तीच आहे. दहावीनंतर मी कला शाखा घेतली तेव्हा तुम्ही काही बोलला नव्हतात. फॉर्मवर सही केलीत, पेनाला टोपण लावलंत आणि जेवायला बसलात. किल्ली हातात घेताना मला ते जेवण आठवलं.

प्रयोगशाळेत नवी खोकी आली आहेत. लहान मोटारी, चाकं, तारा, दिवे, हात पुढे केला की वाजणारी यंत्रं. पडद्यावर एक माणूस जोडून दाखवतो, मुलं तसं जोडतात, गाडी चालते. मग सगळं सुटं करून खोक्यात परत, हरवू नये म्हणून. मुलांना आवडत होतं आणि मलाही सोयीचं होतं. काही आठवड्यांनी लक्षात आलं की कोणी काही विचारत नाही. प्रत्येक गटाची गाडी दरवेळी चालत होती, विचारण्यासारखं काही उरतच नव्हतं. म्हणून एका शनिवारी सुटताना मी म्हणाले, घरात जे बंद पडलं आहे ते पुढच्या वेळी घेऊन या. बोलून झाल्यावर कळलं की वाक्य तुमचं आहे.

मुलांनी काय काय आणलं. मिक्सर, टेबलफॅन, कोणाच्या तरी काकाचा मोबाईलचा चार्जर, न वाजणारी कुकरची शिट्टी. दहावीतल्या एका मुलीनं पाठीवरचा फवारणीचा पंप आणला. तुमच्या वेळचा दांडा हलवायचा पंप नव्हे, आता बॅटरीचा असतो. बटण दाबलं की आतली लहान मोटार पाणी ओढते आणि नळीतून फेकते. हा धार नीट देत नव्हता. मुलगी शेलूबाजारहून जीपनं जावं लागतं अशा वस्तीतली. शाळेत फार बोलत नाही, पण पडद्यावरचा माणूस पुढे काय करणार हे तिला आधी कळायचं. दहावीनंतर वाशिमला इंजिनीअरिंगचा डिप्लोमा करायचा असं तिच्या मनात होतं. घरून हो आलं नव्हतं आणि नाहीही आलं नव्हतं. शनिवारी दुपारी घरचं काम सोडून थांबायला वडील देत होते, तेवढ्यावर तिचं सगळं होतं.

मी तुमचा नियम सांगितला. औषधाचा वास असलेला पंप वर्गात येणार नाही. बाहेर साबणानं धुवा, हातही धुवा, कुठल्याही नळीला तोंड लावायचं नाही. तिनं दोनदा धुऊन आणला आणि मग खोलला.

रिठदची शाळा, मी आठवीत आहे. तुमच्या वर्गात मी तुम्हाला सर म्हणते आणि घरी बाबा, दोन्हींत चूक होऊ नये म्हणून बहुतेक वेळ गप्प राहते. टेबलावर पितळी पंप आहे, गावातल्या एका शेतकऱ्याकडून मागून आणलेला. तुम्ही खिडकीपाशी हात मागे बांधून उभे आहात. पोरं दांडा काढतात, आतला दट्ट्या काढतात, वायसर काढतात. परत लावतात. घंटा होते आणि टेबलावर एक काचेची गोटी उरलेली असते. कोणीतरी म्हणतो, ‘सर, हे खेळाची गोटी हाय, पंपातली नाई.’ वर्ग हसतो. तुम्ही हसत नाही. गोटी खिशात टाकता आणि सांगता की ज्यांनी खोलला त्यांनी संध्याकाळी माझ्यासोबत यायचं.

संध्याकाळी त्या शेतकऱ्याच्या अंगणात आम्ही गोल बसलो. शेजारची माणसं जमली. मालकानं विचारलं, ‘सर, पोट्ट्यायनं खोलला तं खरा, आता लावते कोन?’ तुम्ही म्हणालात, ‘ज्यायनं खोलला ते लावतीन. मी बसतो.’ आणि खाली बसलात. मास्तरला येत नसेल, असं कोणीतरी मागून म्हणालं. मला लाज वाटली. गोटी एका मुलाच्या हातात होती. तो ती भलत्याच भोकात बसवून पाहत होता, काढत होता, पुन्हा पाहत होता. गोटी कुठं जाते ते मला समजलं होतं. पाणी वर चढताना ती उचलली जायची आणि पाणी उतरू लागलं की भोक बंद करायची, म्हणजे तिची जागा खालीच. मी त्याच्या हातातून ती घेतली आणि बसवली. पंप चालला. मालक खूष झाला, म्हणाला, सराची पोरगी शोभते.

घरी तुम्ही स्वयंपाकघरात पाटावर बसलात, आईनं ताट वाढलं. मग म्हणालात, ‘तुले येते, हे मले माहीत हाय. त्याले येत होतं. तू मधात गेली.’ आई म्हणाली, पंप सुरू झाला ना, मग काय बिघडलं. तुम्ही म्हणालात, काम पंपाचं नव्हतंच. एवढंच. आवाजही चढला नव्हता. तो मुलगा त्यानंतर टेबलापाशी पुढे आला नाही. निदान मला तसं आठवतं. कदाचित आला असेल आणि मी पाहिलं नसेल.

आमच्या दहावीतल्या मुलीनं त्या शनिवारी संध्याकाळपर्यंत पंप परत जोडला. काही उरलं नाही. मोटार सुरू झाली, पण पाणी आलंच नाही. आधी कमी येत होतं, आता थेंबही नाही. शेवटची जीप सुटायची वेळ झाली होती. ती पंप घेऊन गेली. मला नंतर समजलं की तिनं घरी विचारलंच नव्हतं. पाऊस लागून होता, इतक्यात फवारणी निघणार नाही, तोवर दुरुस्त करून ठेवू असा तिचा अंदाज. दुसऱ्याच दिवशी उघाड पडली. सोयाबीनवर अळी होती. वडील टाकी भरून शेतात उभे राहिले, बटण दाबलं, मोटार वाजली आणि बाकी काही नाही.

सोमवारी ती वर्गात होती, शनिवारी प्रयोगशाळेत नव्हती. तिच्या वस्तीवरच्या दुसऱ्या मुलीनं मला सांगितलं की घरून बंद केलं, तिचे बाबा म्हणतात शाळेत पोरांचे खेळ चालतात. मुख्याध्यापकांपर्यंतही ते गेलं होतं. ते शांतपणे म्हणाले, मॅडम, खोक्यातलं दाखवा, लोकांच्या घरचं सामान कशाला खोलता. मी वाद घातला नाही. तुम्ही घातला असतात का, माहीत नाही. रविवारी जीपनं त्या वस्तीवर गेले.

वडील ओट्यावर बसले होते. माझ्या वयाचेच असतील. पंप भिंतीला टेकून होता. त्यांनी मला खुर्ची दिली आणि विचारलं, ‘मॅडम, तुमी शायेत काय शिकोता?’

मी म्हणाले, मराठी.

‘मंग पंप कायले खोलता?’

आतून तिची आई हसली. चहा घेऊन बाहेर आली आणि म्हणाली, ‘भाकर थापाले सांगतलं तं हिचा हात दुखते. पंप खोलाले नाई दुखत.’ मुलगी दारात उभी होती. ती हसली नाही.

मी त्यांना तुमच्याबद्दल सांगितलं. रिठदचं अंगण, गोटी, सगळं. ज्यानं खोललं त्यानं लावायचं आणि मास्तरनं बसायचं. गोटी शेवटी कोणी बसवली तेही सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं. उघाडीचा तो दिवस त्यांनी शेजाऱ्याचा पंप मागून काढला होता, शेजाऱ्याचं ऐकून घेतलं होतं. ते म्हणाले, ‘बसा मंग. पन आज नाई झालं तं शनिवारचं बंद. अन्‌ ते वाशिमचंबी बंद. मी काई पोरीचा दुश्मन नाई, पन मले समजलं पाह्यजे का हे काय करून राह्यली.’

मुलीनं पंप अंगणात आणला आणि पेचकस घेतला. मोटारीचं डोकं काढलं. आत रबराचे लहान पडदे असतात. पाणी एका बाजूनं आत यावं, दुसरीकडून बाहेर जावं आणि मागे फिरू नये म्हणून. धार अडवणारा वाळूचा कण तिनं शाळेतच पडद्याखालून काढला होता. सगळं स्वच्छ होतं. तिनं ते हातात धरून माझ्याकडे पाहिलं आणि विचारलं, ‘मॅडम, हे असंच ना?’

मी म्हणाले, तू पाहा.

बाबा, मला येत नव्हतं. ते पडदे मी पहिल्यांदा पाहत होते. तुमच्यासारखे हात मागे बांधून बसणं मला सोपं होतं, कारण पुढे करून काही उपयोग नव्हता. आणि त्या ओट्यावर मला पहिल्यांदा वाटलं की तुम्हाला तरी येत होतं का. मी ते कधी तपासलं नाही. घरातला नळ आई दुरुस्त करायची. स्टोव्हची पिनही आईच मारायची. रिठदच्या अंगणात मागून जो माणूस बोलला त्याचं खरं असेल, आणि तरी तुम्ही गावासमोर खाली बसला असाल. तसं असेल तर ते जास्त अवघड होतं.

ती बराच वेळ अडकली. वडिलांचा हात पेचकसाकडे गेला. मी म्हणाले, भाऊ, राहू द्या. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, हात मागे घेतला आणि मांडीखाली घातला, पोरं घालतात तसा. मग तिनं आईकडून तांब्या मागितला. आत येण्याच्या भोकावर पाणी ओतलं, ते साचून राहिलं. बाहेर जाण्याच्या भोकावर ओतलं, तिथून ते सहज आत उतरलं. तिनं पुन्हा ओतलं. मग दोन्ही पडदे काढले, उलटे केले, लावले, स्क्रू आवळले. बटण दाबलं. धार समोरच्या बाभळीवर गेली आणि खाली बसलेल्या कोंबड्या उठल्या.

वडील काही वेळ धार पाहत राहिले. मग विचारलं, ‘उलटं कोनं लावलं होतं?’

‘म्याच.’

‘अन्‌ समजलं कसं?’

तिनं सांगितलं. तांब्या पुन्हा भरून आणला, डोकं पुन्हा खोललं आणि कुठून पाणी जायला हवं, कुठून जायला नको, ते ओतून दाखवलं. ते खाली वाकून पाहत होते. एकदा त्यांनी तांब्या तिच्या हातातून घेतला आणि स्वतः ओतून पाहिलं. शनिवारबद्दल काही बोलणं झालं नाही. ती पुढच्या शनिवारी आली, सोबत वस्तीवरची आणखी एक मुलगी घेऊन. खोकी आता मागच्या बाकावर आहेत. मुख्याध्यापक येऊन पाहून जातात, काही म्हणत नाहीत.

पण त्या रविवारी मी निघताना तिचे वडील जीपपर्यंत आले होते आणि मुलगी दोन पावलं मागे. जीप भरायची होती. ते म्हणाले, ‘मॅडम, खरं सांगा. इंजिनीअर होईन काय हे?’

तुम्ही असतात तर ‘माहीत नाही’ म्हणाला असतात. तुम्हाला ते शब्द कधी जड गेले नाहीत. मुलीला उलटा लागलेला पडदा सापडला, त्यातून एवढंच सिद्ध होतं की तिला उलटा लागलेला पडदा सापडला. पुढे गणित आहे, प्रवेश आहे, वाशिमला राहायची सोय आहे, आणि पुढच्या श्रावणात घरात किती पैसा असेल ते आहे. हे सगळं मला जीपच्या दारात उभी असताना दिसत होतं.

हे पत्र मी तुम्हाला दाखवू शकले असते तरी दाखवलं नसतं. तुम्ही समासात ‘कशावरून?’ असं लिहून परत दिलं असतं. मी त्यांना हो म्हणाले, बाबा. लगेच म्हणाले, आणि तिला ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं म्हणाले.