हवेलीच्या बुजवलेल्या खिडकीतली आत्या

तीर्थस्वरूप झेलीआत्या,

तुझ्या दोन्ही गालांचे मुके घेऊन फुल्बेरचा नमस्कार. नीसच्या समुद्राची हवा तुझ्या गुडघ्यांना मानवली का? मांजराचा दमा कसा आहे? इकडे नॉर्मंडीत मी, गाई आणि छपराची गळती, सगळे खुशाल.

हवेली विकायची तूच ठरवलंस, गिऱ्हाईकही तूच धाडलंस आणि वर "दर्शनी बाजू जरा बघण्यासारखी कर" असं फर्मान सोडलंस. या घरात माझे केस पांढरे झाले. पण तुझा शब्द मोडायची छाती नाही, म्हणून शिडी घेतली. त्या दर्शनी भिंतीचं दुखणं तुला ठाऊकच आहे. आपल्या मूळपुरुषाला मिठाच्या व्यापारात पैसा मिळाला, म्हणून त्याने मनोरा बांधला (शत्रू कोणी नव्हता, आत नुसता जिना आहे). नातवाला सगळं सारखं हवं, म्हणून त्याने डावीकडे जेवढ्या खिडक्या तेवढ्याच उजवीकडे पाडल्या. पुढे सरकारने खिडक्यांवर कर बसवला, तेव्हा खापरपणजोबांनी वरची कोपऱ्यातली खिडकी विटांनी बुजवली. कर गेला तरी ती कोणी उघडली नाही (न जाणो, पुन्हा बसवला तर!). तेव्हापासून आपली हवेली रस्त्याने जाणाऱ्या बायकांना डोळा मारते आहे.

मी त्या विटांवर उघडी खिडकी रंगवली. ती रिकामी बरी दिसेना, म्हणून आत तुला बसवलं. नमुन्याला फोटो एकच मिळाला, आपल्या ओदीलच्या लग्नातला, चीज यायला उशीर झाला म्हणून तू डोळे वटारून ताठ बसली होतीस तेव्हाचा. चित्र हुबेहूब उतरलं, एवढंच माझं चुकलं. दुसऱ्या दिवसापासून गाव तुला टोपी काढून नमस्कार करू लागलं. पाववाली मदाम पोतिए म्हणाली, "आत्या आल्या आणि बोलला नाहीस, चोरा! पण भारीच ताठ हो, मी एवढा हात हलवला तर मान म्हणून हलली नाही." मान आखडली आहे, असं मी सांगून टाकलं.

शनिवारी तू धाडलेलं गिऱ्हाईक, ते दातांचे डॉक्टर, सपत्नीक आले. मी इमानदारीत सगळं दाखवलं: भिंतींची जाडी, ओकच्या तुळया, राजा मुक्कामाला होता ती खोली (कुठला राजा, हे आपल्या घराण्यात कोणी विचारत नाही). डॉक्टर हरखून गेले. अंगणात येऊन ते "घेतली!" म्हणणार, इतक्यात वर तू दिसलीस. त्यांनी हॅट काढली. तू ढिम्म. पावसाची सर आली, आम्ही आडोशाला पळालो, तू तशीच बसून. बाई नवऱ्याच्या कानाशी लागल्या, "अहो, हे घर म्हातारीसकट विकताहेत! म्हणजे ती जाईपर्यंत राहणार ती आणि दर महिन्याला पैसे भरणार आपण. तब्येत बघा तिची! आपल्याला पोचवून मग जाईल ही." आता आपल्या देशात अशीही घरं विकली जातात, त्याला मी काय करू? डॉक्टरांनी तुझं वय विचारलं. मी खरं तेच सांगितलं, "वय सांगत नाहीत, पण मी त्यांना कधी खोकताना ऐकलेलं नाही." त्यांची मोटार फाटकाला घासून गेली.

तुझा आज्ञाधारक,
फुल्बेर

ता. क. डॉक्टर काल पुन्हा फाटकापर्यंत येऊन गेले, तू जरा खचलीस का ते बघायला. खबरदारी म्हणून मी तुझ्या गालांवर आणखी लाली चढवली आहे.

आणखी एक ता. क. खरं सांगू का, आत्या? हवेली विकू नकोस. मला दुसरं घर नाही, आणि रोज सकाळी अंगणातून वर बघून तुला नमस्कार करायची मलाही सवय लागली आहे. तूच इथे राहायला ये. विटा फोडून खरी खिडकी करतो. फक्त येशील तेव्हा मागच्या सफरचंदांच्या बागेतून ये. गावाच्या लेखी तू केव्हाच घरी आली आहेस.