अजून तिथपर्यंत पोचलो नाही

३ जून
चि. धाकटीस,
अ. उ. आ. वर्षभर तुझी लेक माझ्या शाळेत तोंडाला कुलूप लावून बसली, म्हणून तू तिला घरी नेलंस, हे मान्य. पण मुख्याध्यापिकेचीच भाची घरी शिकते, हे शिक्षकांचं पुरेपूर चघळून झालं. सोमवारी शिक्षणाधिकारी तुमच्याकडे येताहेत. त्यांचं समाधान झालं नाही, तर ती पुन्हा माझ्या शाळेत. घरी काय शिकवतेस विचारलं, तर म्हणालीस, गोष्टी वाचतो. गोष्टी आम्हीही वाचतो, पण घंटा झाली की थांबतो. नवऱ्याला त्या दिवशी इस्त्रीचा सदरा घालायला सांग.
कान उपटण्याचा हक्क राखून,
तुझी ताई

१० जून
ती. ताईस,
सा. न. वि. वि. सदरा घातला होता, पण उपयोग झाला नाही. मी इतिहास अगदी पहिल्या वस्त्यांपासून क्रमाने शिकवते, त्या त्या काळातल्या कथा-काव्यांसकट. मधलं काही गाळायचं नाही हा माझा हट्ट. त्यामुळे आमची गाडी दोन हजार वर्षं मागेच आहे. साहेबांनी पहिलाच प्रश्न टाकला, की सध्या देशाचा कारभार कोण पाहतं. लेक शांतपणे म्हणाली, की आम्ही अजून तिथपर्यंत पोचलो नाही. यांना खोकल्याची उबळ आली, म्हणजे हसू.

मग साहेबांनी एका जुन्या काव्यातलं राजाचं शौर्य सांगितलं. ती म्हणाली, की ते काव्य लिहिणारा राजाच्याच पंगतीला जेवत होता, हरलेल्यांचं म्हणणं कुठे आहे? चहा गार होईपर्यंत दोघं भांडत होती. साहेब तणतणत तुझ्याकडेच निघाले. ताई, ती पुन्हा गप्प होईल, याची मला फार भीती वाटते.
रागावलीस तरी माया पातळ करू नकोस.
तुझी धाकटी

१२ जून
चि. धाकटीस,
अ. उ. आ. साहेब आले. मुलगी उद्धट आहे, सामान्य ज्ञानाच्या नावाने पूज्य आहे, असं म्हणून त्यांनी माझं मत मागितलं. मी त्यांना तीनतीनदा विचारलं, की ती खरंच बोलली का. ते वैतागून म्हणाले, की बाई, तिने मला बोलू दिलं नाही. हजेरीलासुद्धा तिचा आवाज मी कधी ऐकला नव्हता गं. मला कचेरीतच रडू फुटलं. साहेबांना वाटलं, भाचीच्या वागण्याची लाज वाटली. वाटू दे. ती घरीच शिकेल, असं मत मी देऊन टाकलं, आणि त्यांनी ते मुकाट मानलं.

तिला सध्याचा कारभार कोण पाहतं ते मात्र सांगून टाक, क्रम मोडला तरी चालेल. रविवारी येते. मी काही विचारणार नाही, नुसती ऐकत बसेन.
जीव आहेच, भांडणासकट असू दे.
तुझी ताई