वाकलेल्या पिकॅनचा सन्मान

१४ ऑक्टोबर, मंगळवार
डोकं फिरलंय. मीटिंगमध्ये पुरतं बोलता आलं नाही, म्हणून इथे.
ओढ्याकाठच्या वाकलेल्या पिकॅनच्या झाडाचा 'सन्मान' करायचाय म्हणे शहराला. खोडाभोवती काँक्रीटचा कट्टा, पितळी पाटी, खालून दिवे. वायरीसाठी चर थेट मुळांतून! शहराची झाडं सांभाळायला मला पगार देतात आणि प्लॅन मी बघितला आज, सगळ्यांबरोबर. म्हटलं, मुळं तुटली तर झाड वाळेल. ग्रेग, आमचा साहेब, म्हणाला, इथल्या मूळ लोकांशी रिकन्सिलिएशनचा, समेटाचा प्रोजेक्ट आहे, जरा पॉझिटिव्ह रहा. पॉझिटिव्ह! माझं कपाळ.

१७ ऑक्टो., शुक्र.
रूथमावशींना फोन केला. (मावशी मीच म्हणते, त्यांना आवडतं.) इथल्या मूळ लोकांतल्या, कोमांची जमातीच्या आहेत, ओक्लाहोमात असतात, जन्म त्यांच्या लोकांच्या वनखात्यात गेला. हे झाड कोवळं असताना त्यांच्याच पूर्वजांनी वाकवून बांधलं, ओढा कुठे ओलांडायचा ते येणाऱ्याला कळावं म्हणून. मग त्यांनाच इथून हाकललं.
वसंतात ग्रेगने त्यांना सल्ल्याला बोलावलं होतं. मी शेजारी उभी. म्हणाल्या, झाडाजवळ काही बांधू नका. खालचा पाला हिवाळ्यात आम्ही येऊन जाळू, आमच्या रीतीने. आणि खाली पडलेली पिकॅनची अक्रोडासारखी फळं वेचू द्या. बस्स, एवढंच.
जाळायचं तर फायर कोड आडवा. वेचायचं तर पार्कचा नियम. काँक्रीट ओतायला मात्र काही आड येत नाही, हलकट कुठले.
तुम्हाला रिबन कापायला बोलावणार आहेत म्हटल्यावर मावशी हसल्या. मला हसू येईना.

२२ ऑक्टो., पाडवा
फराळाला मंडळी. नवरा असून नितीन सगळ्यांसमोर म्हणाला, एका झाडापायी सगळ्यांना नागपूरला नेशील परत. त्याचा लेऑफ झाल्यापासून घर माझ्या नोकरीच्या व्हिसावर आहे. खरं बोलला, म्हणून जास्त झोंबलं. चकल्यांचा डबा आपटला मी. आर्या म्हणे, "आई, चिल." कसलं डोंबलाचं चिल.

२७ ऑक्टो., सोम.
मुळांजवळ खणायला माझी परवानगी लागते. दिली नाही. ग्रेग चिडला नाही, त्याचाच राग आला. म्हणाला, बाहेरचा कन्सल्टंट देईल. वर, उद्या कौन्सिलपुढे इथल्या मूळ लोकांचे आभार मानायचा तो परिच्छेद तू वाच, तुझा आवाज छान आहे.
छान आवाज!

२८ ऑक्टो., मंगळ.
वाचला. 'ज्यांनी पूर्वी या भूमीची निगा राखली...' त्या 'पूर्वी'वर अडले. कागद खाली ठेवला आणि म्हटलं, "ते लोक अजून आहेत. त्यांनी काय मागितलं होतं, ते ग्रेगना विचारा."
कुणी विचारलं नाही. मेयरबाई थँक यू म्हणाल्या. पुढचा विषय पार्किंग.
बाहेर ग्रेग गाडीला टेकून उभा. "व्हिसा रिन्यूअलचे तुझे कागद माझ्याच सहीला येतात, माहितेय ना?" अगदी गोड आवाजात.
  नितीनला सांगितलं नाही.

३० ऑक्टो., गुरु.
कन्सल्टंटने परवानगी दिली. झाड न बघता! शनिवारी खणणार. मावशींना कळवलं. म्हणाल्या, बरं, शनिवारी आम्ही पिकॅन वेचायला येतो. परवानगीचं विचारलंच नाही त्यांनी. कुणाला विचारायचं?

१ नोव्हें., शनि.
झाडाखाली बसून लिहितेय. चर खणायचं मशीन कुंपणाला लागून उभं. मावशी आणि त्यांची बहीण आल्या. कुंपणाची किल्ली माझ्याकडे, मीच उघडलं. त्यांनी सरळ मशीनच्या वाटेत चादर अंथरली आणि वेचायला लागल्या. मशीनवाल्याने इंजिन बंद केलं, ऑफिसला कळवलं. बिचारा काय करणार.
लगेच ग्रेगचा फोन. "तू तिथेच आहेस ना? बाहेर काढ त्यांना."
"हो, इथेच आहे," म्हटलं आणि ठेवला.
 आर्याची शाळा, नितीनचं तोंड, सगळं डोळ्यांपुढे. फोन परत वाजतोय. मावशींनी बघितलं. एक रिकामी पिशवी माझ्यापुढे टाकली.