ऊन लागलेलं कापड

अम्मा,

तुला जाऊन अठरा वर्षं झाली, आणि अजूनही साडी घेताना मी आधी रंग बघत नाही, पदर उजेडाकडे धरून वीण बघते. दुकानदार विचारतो, मॅडम, तुम्ही कापडाच्या धंद्यातल्या का? मी उगाच हो म्हणते. खरं तर मी कॉलेजात फिजिक्स शिकवते आणि रविवारी शहराबाहेरच्या धावपट्टीवर हौशी मंडळींना दोन सीटचं छोटं विमान उडवायला शिकवते. कापडातली होतीस ती तू. भवानी पेठेतल्या चादरींच्या कारखान्यात बावीस वर्षं तू तपासणीच्या टेबलाशी उभी राहिलीस. चादर समोरून सरकत जायची आणि तुझा हात तिच्यावरून फिरत राहायचा, कुठं धागा तुटलाय, कुठं गाठ आलीय, कुठं वीण सैल पडलीय. तू डोळ्यांनी कमी आणि बोटांनी जास्त बघायचीस. घरी आल्यावरही तुझी बोटं थांबायची नाहीत. जेवताना माझ्या ओढणीची कड चाचपायचीस आणि म्हणायचीस, "महिनाभर टिकंल, जास्त न्हाय."

मला विमानाचं वेड कुठून लागलं ते तुला कधी कळलं नाही, मलाही नीट सांगता आलं नाही. मी तेव्हा कॉलेजच्या प्रयोगशाळेत मदतनीस होते. एका निवृत्त वैमानिकानं अक्कलकोट रोडच्या पलीकडच्या माळावर छोटासा क्लब काढला होता. आम्ही त्यांना नुसतं सर म्हणायचो. क्लब म्हणजे काय, आम्ही सात माणसं, एक पत्र्याची शेड आणि एक विमान. ॲल्युमिनियमच्या नळ्यांचा सांगाडा, त्यावर शिडाच्या कापडाचे ताणलेले पंख आणि पाठीमागं खडखडणारं इंजिन. आप्पा आधीच गेलेले, मी लग्नाची, आणि सगळे नातेवाईक तुला सांगायला येत होते की पोरीला आवर घाल. तू त्यांना चहा दिलास आणि म्हणालीस, "उडायचंय तर उडू दे की. पडली तर मी हाय." मला त्या वेळी हसू आलं होतं. तू खाली हात पसरून उभी राहणार होतीस की काय! आता आठवतं तेव्हा हसू येत नाही.

मग तो रविवार. सर म्हणाले होते की आज तू एकटीनं उडवायचं, शेजारी मी बसणार नाही. पहिल्यांदा एकटीनं उडायचा दिवस, म्हणून तू बघायला आलीस. रिक्षावाल्यानं तुला डांबरी रस्त्यावरच सोडलं होतं, आणि तू हातात चार खणांचा डबा घेऊन माळ तुडवत आलीस. सगळ्यांना पुरतील इतक्या भाकरी आणि शेंगाची चटणी. मी शेडमधून बघतेय, तू येतेयस, पदर डोक्यावर घेतलेला, आणि मला तुझी थोडी लाजच वाटतेय. तिथं एक डॉक्टर होते, एक वकील होते, आणि माझी आई त्यांना "खावा की, लाजताय काय" म्हणत होती.

डबा टेकवून तू विमानाभोवती फिरलीस. कुणी सांगितलं नव्हतं तरी तुझा हात पंखावरून फिरायला लागला. उजवा पंख झाला, शेपूट झालं, आणि डाव्या पंखाच्या टोकाशी येऊन तू थांबलीस. आमची शेड तोकडी होती. विमान आत घेतलं तरी डाव्या पंखाचं टोक हातभर बाहेर राहायचं. आम्हाला त्यात कधी काही वावगं वाटलं नाही.

"सर," तू विचारलंस, "ह्या बाजूला रोज ऊन लागतंय का?"

सर हसले. मनानं चांगला माणूस. "दुपारनंतर लागतं थोडं, ताई. पण ही चादर नाही. शिडाचं कापड आहे, समुद्रातल्या बोटींवर लावतात ते."

"कसलंबी असू दे की. आमच्याकडं खिडकीशी ठिवलेला माल असाच हुतो. वरनं बरा दिसतो."

तू शिवणीवर नख घासलंस. धागा तुटला नाही, त्याची पूड झाली. ती बोटावर घेऊन तू सरांना दाखवलीस. सर काही बोलायच्या आत मीच बोलले. अम्मा, माझे शब्द मला जसेच्या तसे आठवतात. मी म्हणाले, "हात नको लावूस. तुला ह्यातलं काही कळत नाही. गप्प बस."

तू माझ्याकडं बघितलंस. रागानं नाही. "वद्दु बिड्डा," तू आपल्या तेलुगूत हळूच म्हणालीस. घरात लहानपणी चुलीकडं हात नेला की म्हणायचीस, तसंच. नको बाळा. आणि मग पंखाच्या टोकावर तू अंगठा ठेवलास आणि दाबलास. फार जोरात नाही. पोळीचं पीठ मळताना दाबतात तेवढंच. कापड वीतभर उसवत गेलं.

सर पुढं आले. मला वाटलं आता ओरडतील, परक्या बाईनं विमान फाडलं होतं. त्यांनी तुझ्या शेजारी उभं राहून स्वतःचा अंगठा वीतभर अलीकडं दाबला. तिथंही फाटलं. मग ते उजव्या पंखाकडं गेले आणि सगळा जोर लावला. उजवीकडं काही झालं नाही. परत आले, डोक्यावरची टोपी काढली आणि पालथ्या घातलेल्या पिंपावर बसले. "ताई," ते म्हणाले, "आज सकाळी मी दोन माणसांना ह्यातून वर फिरवून आणलंय. एकेकाला."

"आता नका जाऊ," तू म्हणालीस, आणि डबा उघडलास.

भाकरी खाता खाता सरांनी सगळ्यांना विचारलं, गेल्या काही दिवसांत उडताना कुणाला काही वेगळं जाणवलं का? डॉक्टर नाही म्हणाले. वकील नाही म्हणाले. मी खाली मान घालून चटणीत भाकरी घोळवत राहिले.

घरी आल्यावर मी फुगून बसले होते. माझा दिवस गेला होता, आणि तो तू घालवला होतास, असंच मला वाटत होतं. तू स्वयंपाकघरात तांदूळ निवडत होतीस. मला हाक मारलीस आणि समोर बसवलंस. पदराला गाठ मारून तू त्या पंखाच्या शिवणीतला धाग्याचा तुकडा आणला होतास. फडताळातून रिळाचा नवा धागा काढलास आणि माझ्या कानाशी धरून तोडलास. टक्क आवाज झाला. मग पंखाचा धागा तोडलास. आवाजच नाही.

"कळलं?"

मी मान हलवली.

"चार मानसांत मला गप्प बस म्हनालीस, त्याचं काय न्हाय. घरात ल्हानपनापासून म्हंतीस." तू परत तांदळाकडं वळलीस. "पर ज्या कापडावर तू बसून वर जातीस, त्याला एकदाबी हात लावून बघितला न्हाईस. त्याचा मला राग हाय." त्यानंतर तू मला कधी रागावल्याचं आठवत नाही. ह्या एका रागावर माझं पुढचं सगळं आयुष्य उभं आहे, हे मी तुला तोंडानं कधी सांगितलं नाही. आता सांगते. उडण्याआधी मी विमानाभोवती फिरते तेव्हा यादी हातात असते, पण यादी बघायच्या आधी हात फिरतो. कापड तपासायला आता एक साधन मिळतं, छोट्या स्प्रिंगकाट्याला सुई लावलेली असते, किती जोराला कापड सुटतं ते त्यावर वाचायचं. मी ते वापरते. शिकणाऱ्यांना मात्र आधी अंगठा लावायला लावते.

नवं कापड यायला चार महिने लागले. सरांनी स्वतः घरी येऊन तुला बोलावलं, आठवतं? कारखान्याला सुट्टी होती, तू ठेवणीतली साडी नेसून आलीस. शेडमध्ये सतरंजी घालून नवे पंख पसरले होते, आणि तू गुडघ्यांवर बसून टोकापासून टोकापर्यंत शिवण तपासलीस. दोन तास. एका जागी टाके सुटले होते, तिथं खडूनं गोल केलास. सरांनी तेवढं पुन्हा शिवून आणलं. शेडही त्यांनी लांबवली. आणि मी एकटी उडाले. उतरल्यावर सगळे टाळ्या वाजवत होते आणि तू बाभळीखाली बसून होतीस. जवळ गेले तर विचारलंस, "कारखाना दिसला का?" मी म्हणाले, चिमणी दिसली. तुझं तेवढ्यावर समाधान झालं. स्वतः मात्र तू कधीच बसली नाहीस. सर किती वेळा म्हणाले. "कापड चांगलं हाय," तू म्हणायचीस, "पर मी हितंच बरी."

पुढं कितीतरी वर्षांनी माझं इंजिन हवेत बंद पडलं, मोहोळच्या बाजूला. पेट्रोलात पाणी गेलं होतं, सकाळी टाकीखालचं थोडं पेट्रोल काढून बघायचं असतं ते मी घाईत नीट बघितलं नव्हतं. ज्वारी काढलेल्या रानात उतरले. पुढचं चाक वाकलं, मला काही झालं नाही. मेंढरं घेऊन चाललेला एक म्हातारा पळत आला. "बाई, लागलं न्हाय न्हवं कुटं?" मी नाही म्हणाले तरी त्यानं मला खाली बसवलं, आपल्या बाटलीतलं पाणी पाजलं, आणि मग विमानाकडं बघून म्हणाला, "लई हलकं हाय की वो ह्ये. ह्याच्यावर कसा भरोसा ठिवताय?" त्या संध्याकाळी घरी येऊन मी तुला पहिल्यापासून सगळं सांगितलं, पाणी बघायचं राहिलं ते सुद्धा. तू ऐकून घेतलंस आणि एवढंच विचारलंस, "कापड?" मी म्हणाले, कापडाला काही झालं नाही. "मग चाक बदला," तू म्हणालीस आणि ताट वाढायला उठलीस.

ते मी तुला का सांगू शकले, आणि आधीचं का नाही, हा विचार मी बरेचदा करते. कारण आधीचंही काही होतं. तू पंखाला अंगठा लावलास त्याच्या पुढच्या रविवारी मी तुला न सांगता सरांना भेटायला गेले. मी त्यांना सांगितलं की तीन रविवार मला डाव्या पंखाच्या टोकाकडून फडफड ऐकू येत होती. गच्चीवर वाळत घातलेली साडी वाऱ्यानं वाजते, तशी. मी डावीकडं बसायचे, उजवीकडं बसलेल्या सरांना इंजिनाच्या खडखडाटात ती ऐकू जायची नाही. विमान किंचित डावीकडं ओढायचं आणि मी दांडा जरा उजवीकडं धरून ठेवायचे. मला कळत होतं की काहीतरी सैल आहे. पण सांगितलं असतं तर विमान उभं राहिलं असतं आणि माझी एकटीनं उडायची पाळी लांबली असती.

सर म्हणाले, "पहिल्याच दिवशी सांगितलं असतंस तर मी तुझ्यावरच खेकसलो असतो. म्हणून नाही सांगितलंस ना?" मी रडत होते. "मग अर्धी चूक माझी आहे." त्या दिवसापासून आमच्याकडं रविवारी चहाच्या वेळी प्रत्येकानं मागच्या खेपेला काय चुकलं ते सांगायचं ठरलं, आणि पहिला नंबर सरांनी स्वतःचा लावला. कुणी पेट्रोलचं झाकण नीट लावलं नव्हतं, कुणी वारा फिरलेला न बघता उतरलं होतं. सांगितल्याबद्दल कुणी कुणाला टोचून बोलायचं नाही, एवढा एकच नियम. सर आता नाहीत, पण मी शिकवते तिथं तोच नियम आहे. नवीन माणूस आला की पहिल्या दिवशी मी माझी फडफडीची गोष्ट सांगते. किती जणांना सांगितली, मोजलं नाही.

तुलाच तेवढी सांगितली नाही. आधी लाजेनं, आणि मग तू मला सांगायला जागाच ठेवली नाहीस. पेठेतल्या बायका तुला म्हणायच्या, असल्या फाटक्या विमानात पोरीला बसवलंस कसं? आणि तू दर वेळी कंबरेवर हात ठेवून म्हणायचीस, "तिला काय ठाऊक? ठाऊक असतं तर ती बसली असती का?" शेवटच्या आजारपणात दवाखान्यातल्या सिस्टरला तू ती गोष्ट अभिमानानं सांगितलीस, माझी पोरगी विमान उडवते, कापड मी बघितलं. आणि परत तेच वाक्य. मी उशाशी पाण्याचा पेला धरून उभी होते. सिस्टर माझ्याकडं बघून हसली, मीही हसले. सांगायला दोन मिनिटं लागली असती, आणि तू मला माफही केलं असतंस, ते मला ठाऊक होतं. तरी तोंड उघडलं नाही.

हा कागद मी कुठं ठेवणार, ते अजून ठरवलेलं नाही. बहुतेक फाडून टाकेन. पण तुझ्या त्या प्रश्नाला एकदा तरी उत्तर द्यायचं होतं. ठाऊक असतं तर ती बसली असती का, असं तू विचारायचीस ना? ठाऊक होतं, अम्मा. तरी बसत होते.